मूळव्याधीचा त्रास आणि रोजचे खाणेपिणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळव्याधीचा रुग्ण दवाखान्यात आला की आधी गुडघेदुखी सांगतो, मग ॲसिडिटी सांगतो आणि उठता उठता, दाराकडे एकदा पाहून घेऊन, खरी गोष्ट काढतो. पुढील प्रश्न विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांनी अशाच उठता उठता विचारलेले आहेत. उत्तरे खाण्यापिण्यापुरती आहेत. कोणत्या लक्षणांत तपासणी टाळू नये, याचा प्रश्न शेवटाकडे दिला आहे. रक्त पडत असेल तर तो आधी वाचावा.

मूळव्याध खाण्याने होते का, आणि खाण्याने बरी होते का?

गुदमार्गाच्या शेवटच्या भागात रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येक माणसाला असतातच आणि वायू व मळ रोखून धरायला त्या मदत करतात. वर्षानुवर्षे कुंथून शौच केल्याने, संडासात फार वेळ बसून राहिल्याने, गरोदरपणात किंवा सतत जड ओझी उचलल्याने या गाद्या फुगतात, त्यांना धरून ठेवणारा भाग सैल पडतो आणि त्या खाली सरकू लागतात. त्यालाच आपण मूळव्याध, मोड किंवा कोंब म्हणतो, आणि नागपूरकडे बवासीर. खाण्याचा संबंध येतो तो असा, की चोथा, म्हणजे धान्य-भाज्यांतला न पचणारा तंतुमय भाग (फायबर), आणि पाणी कमी पडले की मळ कडक होतो, कडक मळासाठी कुंथावे लागते आणि कुंथण्याने कोंब फुगतो.

बरे होण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगितलेले बरे. कोणत्याही भाजीने, रसाने किंवा पथ्याने बाहेर आलेला कोंब विरघळत नाही. डॉक्टर आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांत, म्हणजे नुसते रक्त पडते किंवा कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो तोपर्यंत, आहार सुधारल्याने बहुतेकांना आराम पडतो. कोंब बोटाने आत ढकलावा लागत असेल किंवा तो कायम बाहेरच राहत असेल, तर आहाराच्या जोडीला दुसरे उपचार लागतात. चोथ्याचा उपयोग चाचण्यांतही पाहिला गेला आहे. एकूण ३७८ रुग्णांवरच्या सात चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात चोथा घेणाऱ्या रुग्णांत रक्त पडत राहण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी दिसला. दुखणे आणि खाज यांबाबत तेवढा ठाम निष्कर्ष त्यातून निघाला नाही.

आमच्या घरी रोज भाजी-भाकरच असते, तरी शौचाला कडक का होते?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी कालचा दिवस आठवायला सांगतो. सकाळी चहासोबत दोन टोस्ट, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री बटाट्याचा रस्सा आणि दोन पोळ्या, असा हिशेब पुष्कळदा निघतो. भाकर आठवड्यातून दोनदा होते, पण ती डोळ्यांसमोर असल्यामुळे रोजची वाटते. आपल्याकडे ‘भाजी’ म्हणजे अनेक घरांत वाटीभर रस्सा आणि त्यात बटाट्याच्या किंवा वांग्याच्या चार फोडी, हेही विसरता येत नाही.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा मिळावा, असे मानतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात तो सुमारे १० ग्रॅम असतो, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम आणि पांढऱ्या शुभ्र तांदळात तीन ग्रॅमच्या आत. एका भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर दिवसाच्या तीन भाकरींतूनच १५ ते १८ ग्रॅम चोथा पोटात जातो. त्यावर घट्ट वरणाची एक वाटी, पालेभाजीची एक वाटी आणि एक पेरू असला की हिशेब जवळपास पुरा होतो. टोस्ट, बिस्किटे, पाव आणि शेव-चिवडा यांवर मात्र कितीही पोट भरले तरी हा आकडा फारसा हलत नाही.

दुसरी गळती चाळणीत होते. पोळी पांढरी आणि मऊ व्हावी म्हणून गव्हाचे पीठ बारीक चाळणीने चाळले जाते आणि चाळणीत उरलेला कोंडा म्हशीच्या ढेपेत मिसळला जातो. म्हशीचे पोट त्यामुळे साफ राहते, आणि घरधनी संडासात अर्धा तास बसून राहतो.

ज्वारी आता घरची होत नाही. रेशनच्या गहू-तांदळावर कसे भागवावे?

सोयाबीन आल्यापासून ज्वारीचे वावर कमी झाले, आणि जे उरले त्यात पाखरे व रानडुकरे वाटा मागतात, हे खरेच आहे. परंतु गव्हात दोष नाही. गहू दळताना जरा जाडसर दळावा आणि चाळू नये. त्या पोळीचा चोथा भाकरीपेक्षा कमी नसतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भातपट्ट्यातल्या माणसाला भात सोडून भाकरीकडे वळायला सांगणे मला पटत नाही, कारण ते पथ्य चार दिवसांच्या वर टिकत नाही. भात ठेवावा, पण भातासोबतचे वरण घट्ट असावे आणि ताटात बरबटी, पोपटाच्या शेंगा, मोड आलेली मटकी किंवा हरभऱ्याची उसळ यांपैकी काहीतरी रोज असावे. भाताचा ढीग अर्धा करून त्या जागी उसळ वाढली, तर ताट तेवढेच भरलेले दिसते आणि घरात तक्रारही होत नाही.

चोथा वाढवल्यावर पोट फुगले आणि वायू धरला. मग बंद करावे का?

बंद करू नये, सावकाश वाढवावे. आतड्यांना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फक्त पीठ चाळणे थांबवावे, दुसऱ्या आठवड्यात एक वाटी भाजी वाढवावी, उसळी त्यानंतर आणाव्यात. कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून देऊन, नीट शिजवली की वायू बराच कमी धरतो. चोथा वाढला आणि पाणी तेवढेच राहिले, तर मात्र उलटे होते आणि मळ अधिकच अडतो.

पाणी किती प्यावे?

मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम मळातले पाणी शोषून घेण्याचे आहे. शरीर कोरडे पडले की ते अधिक पाणी शोषते आणि मळाच्या बकरीच्या लेंड्यांसारख्या गुठळ्या होतात. घरात किंवा सावलीत काम करणाऱ्याला दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी बहुधा पुरते. वावरात राबणाऱ्याला, विशेषतः पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत, त्याहून बरेच जास्त लागते. आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. ती फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर ते कमी पडते आहे.

या प्रश्नावर अधिक सांगायचे कारण असे, की बायकांच्या बाबतीत पाण्याची अडचण तहानेची नसते. कापूस वेचायला जाणाऱ्या एका काकूंना त्यांची पाण्याची बाटली दाखवायला सांगितले होते. लिटरची बाटली सकाळी आठला भरलेली होती आणि सायंकाळी पाचला तिच्यात अर्ध्याहून अधिक पाणी शिल्लक होते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पाणी पेल्यावर जाव कुठं? कपाशी कमरेएवढी, आन् धुऱ्यावर माणसं.” वावरात आडोसा नसतो म्हणून बायका पाणी पीत नाहीत, सकाळी घाईत शौचाला लागलेली दाबून धरतात आणि रात्री उशिरा जातात, तोपर्यंत मळातले पाणी आणखी शोषले गेलेले असते. असे दिवाळीपासून वेचणी संपेपर्यंत दोन-तीन महिने चालले की त्याचा परिणाम दिसणारच. घरी संडास बांधलेला असला तरी दिवसाचे नऊ तास वावरात जातात, हे सल्ला देणाऱ्यांच्या पटकन ध्यानात येत नाही.

अशा वेळी पाण्याच्या वेळा बदलाव्यात. पहाटे उठल्याबरोबर दोन पेले पाणी प्यावे, वीस-पंचवीस मिनिटांनी चहा किंवा काही खाणे घ्यावे आणि त्यानंतर शौचाला जाण्याइतका वेळ हाताशी ठेवूनच निघावे. काही पोटात गेल्यावर मोठे आतडे जागे होते आणि सकाळी ही हालचाल सर्वांत जोमदार असते. वावरात एकदम लोटाभर पाणी पिण्याऐवजी दर अर्ध्या तासाने थोडे थोडे प्यावे आणि घरी परतल्यावर झोपेपर्यंत उरलेली कसर भरून काढावी. वेचणीला बायका लावणाऱ्या शेतकऱ्याने चार बांबू आणि जुन्या ताडपत्रीचा आडोसा धुऱ्याला उभा केला, तर माझ्या मते त्याचा उपयोग कोणत्याही चूर्णापेक्षा जास्त होईल.

आमच्याकडे पाणी खारे आहे. तेच जास्त प्यावे का?

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याला चव नसल्यामुळे लोक ते जेमतेम पितात. पिण्यापुरते नळयोजनेचे किंवा शुद्ध केलेले पाणी वेगळे ठेवणे चांगले. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी पाणी वाढवण्याचा सल्ला स्वतःला लागू करू नये. त्यांचे पाणी डॉक्टर मोजून देतात.

तिखटाने मूळव्याध होते ना? ठेचा आणि सावजी कायमचे सोडावे का?

गावात मूळव्याधीचे नाव काढले की सर्वांत आधी दोष मिरचीला जातो, आणि भिवापुरी मिरचीच्या मुलखात तो सहज पटतोही. तिखटाने मूळव्याध निर्माण होते असे मात्र सिद्ध झालेले नाही. मूळव्याधीच्या रुग्णांना एकदा मिरचीची आणि एकदा निरुपद्रवी भुकटीची कॅप्सूल देऊन केलेल्या एका छोट्या चाचणीत दोन्ही वेळांच्या त्रासात फरक आढळला नाही. मिरचीतला झोंबणारा अंश पूर्ण पचत नाही आणि काही प्रमाणात मळासोबत बाहेर पडतो, म्हणून आधीच सुजलेल्या जागी आग होते, एवढे मात्र अनेकांना जाणवते. ही आग म्हणजे रोग वाढणे नव्हे. पण ज्याला ती सोसत नाही त्याने त्रासाच्या दिवसांत तिखट कमी करावे, हे साधे आहे.

गुदद्वाराला चीर पडली असेल, म्हणजे फिशर असेल, तर गोष्ट निराळी आहे. फिशरमध्ये शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखे दुखते आणि नंतर तास-दोन तास ठणकत राहते. अशा रुग्णांत तिखटाने जळजळ आणि दुखणे वाढते असे दिसून आले आहे. गावाकडे फिशरलाही सर्रास मूळव्याधच म्हणतात, त्यामुळे मिरचीची बदनामी बहुधा तिथूनच सुरू झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

सावजीच्या बाबतीत मला तिखटापेक्षा ताटाची काळजी वाटते. मटणात चोथा मुळीच नसतो. रविवारी मटण, त्यावर तर्री, सोबत भात आणि पालेभाजीचे नावही नाही, शिवाय त्या आनंदात दोन पेग, असे जेवण झाले की सोमवारी कुंथावे लागते आणि मंगळवारी रक्त पडते. दोष मात्र मसाल्याला दिला जातो. मटण खायचेच तर ज्वारीच्या भाकरीशी खावे, सोबत काकडी, मुळा आणि कांदा भरपूर घ्यावा आणि वरची तेलाची तर्री बाजूला काढावी.

ताक, दही, दूध यांचे काय?

ताकाचा आयुर्वेदात अर्शावर म्हणजे मूळव्याधीवर मोठा गौरव केलेला आहे आणि आपल्या उन्हाळ्यात ते पाण्याची भरपाईही करते. दुपारच्या जेवणानंतर मोठा पेलाभर पातळ ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते मीठ, हे बहुतेकांना मानवते. रक्तदाब असलेल्यांनी मीठ घालू नये. ताकात चोथा नसतो, त्यामुळे ते भाकरीच्या आणि भाजीच्या जोडीला घ्यावे. रात्री गरम दुधात चमचाभर तूप घालून घेण्याची पद्धत निरुपद्रवी आहे. काहींना तिचा गुण येतो, काहींना दुधाने वायू धरतो. ज्याने त्याने चार दिवस घेऊन पाहावे.

कोणत्या भाज्या विशेष उपयोगी आहेत?

ज्या स्वस्तात आणि जवळ मिळतात त्या. पहिल्या पावसानंतर बांधावर उगवणारा तरोटा कोवळा असताना खुडून, उकळून, डाळ घालून केला तर पोट मोकळे व्हायला मदत करतो. अंबाडीची भाजी कण्या किंवा तुरीची डाळ घालून शिजवावी आणि भाकरीसोबत खावी, फक्त मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती जपून खावी. शेवग्याचा पाला, पोकळा, मेथी, चिवळ, हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, भेंडी, दोडका आणि गवार यांपैकी काहीही चालते. दोडक्याच्या शिरा किसून टाकून न देता तिळासोबत त्यांची चटणी करावी.

सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न असे नावच आहे, म्हणजे अर्शाचा नाश करणारा. नावाइतका गुण त्यात असेल असे मी म्हणणार नाही, परंतु कंदभाजी म्हणून तो बटाट्यापेक्षा उजवा आहे. घसा खाजू नये म्हणून तो चिंचेच्या पाण्यात उकळून घ्यावा आणि मगच फोडणी द्यावी.

फळे महाग पडतात. संत्र्याचा रस चालेल का?

रस काढल्यावर चोथा चिपाडात राहतो आणि साखरेचे पाणी पेल्यात येते. संत्रे सोलून, फोडीवरच्या पातळ सालीसकट खावे. आंबिया आणि मृग अशा दोन बहारांमुळे आपल्याकडे ते वर्षातले बरेच महिने बागेतच स्वस्त मिळते. पेरू सालीसकट खावा. परसातली पपई, हिवाळ्यातली बोरे आणि पिकलेली केळी ही गरिबाची फळे या कामाला सफरचंदापेक्षा कमी नाहीत. पिकलेले बेलफळ पोट मोकळे करते आणि कच्चे पोट बांधते, त्यामुळे उन्हाळ्यात बेलाचे सरबत करताना फळ नीट पिकलेले असल्याची खात्री करावी. मधुमेह असलेल्यांनी पेरूला पहिली पसंती द्यावी.

इसबगोल रोज घेतला तर सवय लागते का?

इसबगोलाचा भुसा हा केवळ चोथा आहे. तो पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ करतो, म्हणून चूर्णासारखी त्याची सवय लागत नाही. एक ते दोन चहाचे चमचे भुसा मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी अर्धा पेला पाणी प्यावे. तो कोरडा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण तो घशातच फुगून अडकू शकतो. ज्या म्हाताऱ्या माणसांना गिळायला त्रास होतो त्यांना तो देऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गुण दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पोट अचानक फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद झाले असतील, तर इसबगोल न घेता दवाखाना गाठावा.

घरचाच पर्याय हवा असेल तर जवस आहे. जवस भाजून, लसूण, तिखट आणि मीठ घालून कुटलेली चटणी विदर्भातल्या घरांत असतेच; तिचे दोन मोठे चमचे रोज भाकरीसोबत खाल्ले तर तीन-चार ग्रॅम चोथा त्यातूनच मिळतो. त्यासोबतही पाणी लागतेच.

पोट साफ होण्याचे चूर्ण किंवा एरंडेल घ्यावे का?

बहुतेक तयार चूर्णांत सोनामुखी असते, जी आतड्याला चाबूक मारल्यासारखी हलवते. एखाद्या दिवशी घेतली तर बिघडत नाही. महिनोन्‌महिने रोज घेतली की पोटात मुरडा येतो, जुलाबातून पाणी आणि क्षार निघून जातात आणि पातळ शौचानेही कोंबाची आग होते. एरंडेल गरोदर बाईने घेऊ नये.

उपवासाच्या दिवशी त्रास वाढतो, असे का?

साबुदाण्यात चोथा जवळपास नसतो, आणि श्रावणात किंवा नवरात्रात तो दोन्ही वेळा खाल्ला जातो. वरून भाजी बंद, भाकर बंद आणि चहा वाढलेला. उपवास मोडायचे कारण नाही. राजगिऱ्याची भाकर, उकडलेले रताळे सालीसकट, भगर आणि ताक, सुरणाची भाजी, पेरू आणि केळी हे सर्व उपवासाला चालते. निर्जळी उपवास मात्र मूळव्याध असलेल्याने करू नये.

चहा, खर्रा आणि दारू?

दिवसाचे दोन-तीन कप चहा मूळव्याधीला बाधत नाही. तहान लागली की चहा, अशी सवय असेल तर ती मोडावी, कारण पाण्याची जागा चहा घेतो.

“खर्रा टाकल्याशिवाय होतच नाही,” असे सांगणारे रोज भेटतात. तंबाखूतल्या निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे त्यांचा अनुभव खोटा नाही, परंतु सकाळचे एक काम उरकण्यासाठी तोंडाच्या कर्करोगाची जोखीम घेण्याचा हा सौदा आहे. कोमट पाण्याचे दोन पेले आणि ठरलेली वेळ यांनी तेच काम होते. खर्रा सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस पोट अडते, आणि त्या दिवसांत इसबगोल घ्यायला हरकत नाही.

दारू मोहाची असो की दुकानातली, लघवी वाढवून शरीर कोरडे करते. यकृत खराब झालेल्या माणसाला गुदमार्गातून होणारा रक्तस्राव जास्त गंभीर असू शकतो. त्याने घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

गरोदरपणात लोहाच्या गोळ्यांनी कडक होते. गोळ्या बंद कराव्यात का?

बंद करू नयेत. आरोग्य केंद्रातून किमान १८० दिवसांसाठी मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बाळासाठी आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्तासाठी आवश्यक आहेत, आणि मूळव्याधीतून रक्त पडत असेल तर त्यांची गरज आणखीच वाढते. गोळी जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. शौच काळपट हिरवे होणे हा गोळीचाच रंग आहे. फारच अडत असेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगावे. इसबगोल गरोदरपणात सहसा चालतो, तरी विचारून घ्यावा.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. त्यांनी अशक्तपणा दिसला म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत, आणि पाण्याच्या बाबतीत तर कुणाहीपेक्षा जास्त दक्ष राहावे, कारण शरीर कोरडे पडले की त्यांच्या अंगदुखीचा झटका येऊ शकतो.

गावात एक जण बिब्याचा लेप लावतो आणि एकाच सुईत मूळव्याध मुळासकट काढण्याची हमी देतो. जावे का?

जाऊ नये. बिब्याचे तेल कातडी जाळते. अशा लेपाने भाजलेली, पू धरलेली आणि नंतर आखडून अरुंद झालेली जागा दुरुस्त करणे मूळ आजारापेक्षा कठीण असते. क्षारसूत्र, म्हणजे औषधी क्षार लावलेला दोरा बांधणे, ही आयुर्वेदातली मान्यताप्राप्त पद्धत आहे आणि इंजेक्शनचा उपचारही खरा आहे, पण दोन्ही शिकलेल्या आणि नोंदणी असलेल्या डॉक्टरकडूनच, तपासणीनंतर करून घ्यायचे असतात.

कोणत्या लक्षणांत आहारावर विसंबून राहू नये?

रक्त दिसले की ते मूळव्याधीचेच, असे आपण धरून चालतो, आणि चूक तिथेच होते. मूळव्याधीचे रक्त लालभडक असते, शौचाच्या शेवटी थेंब थेंब किंवा धार पडते आणि मळात मिसळलेले नसते. रक्त मळात मिसळून येत असेल, मळ डांबरासारखा काळा आणि चिकट असेल, वजन घटत असेल, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असे नव्याने सुरू झाले असेल, किंवा शौच झाल्यावरही आत काही उरल्यासारखे वाटत असेल, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंका दूर करणे आवश्यक असते, आणि हा आजार तरुण वयातही होतो. ताप येऊन गुदद्वाराजवळ दुखरी सूज आली असेल तर तिथे पू झालेला असू शकतो. चक्कर येणे, चालताना दम लागणे, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसणे ही रक्त कमी झाल्याची चिन्हे आहेत. यांपैकी काहीही असेल तर ग्रामीण रुग्णालयात जावे. बोटाने होणारी तपासणी दोन मिनिटांची असते आणि बायकांना महिला डॉक्टर किंवा नर्स सोबत असावी अशी मागणी करता येते.

वेचणीच्या दिवसांत डब्यात काय न्यावे?

रात्रीची शिळी पोळी आणि कोरडी चटणी असा डबा घाईत भरला जातो. त्याऐवजी दोन भाकरी, त्यांत बसेल एवढी मोकळी पालेभाजी किंवा बरबटीची उसळ, जवसाची चटणी, एक कांदा आणि दोन संत्री किंवा एक पेरू असावा. पिठले नेले तरी चालते, फक्त त्यात मेथी किंवा कांद्याची पात मूठभर घालावी. ताक वेगळ्या बाटलीत न्यावे आणि ते दुपारपर्यंत संपवावे, नाहीतर उन्हाने आंबते. पाण्याच्या कॅनला ओले गोणपाट गुंडाळून ती झाडाखाली ठेवली की दुपारीही पाणी गार राहते, आणि ज्या ओळीत वेचणी चालू आहे त्या ओळीच्या टोकाशी कॅन हलवत नेली तर पाण्यासाठी कुणाला अर्धे वावर तुडवावे लागत नाही.